साडेचार हजारांचा डबा आणि कॅलेंडरमागच्या रेघा

गेल्या आठवड्यात सातपूरहून मावसभावाचा फोन आला. सवलतीत स्मार्ट स्पीकर साडेचार हजारांना मिळतो आहे, घ्यावा का, एवढेच त्याला विचारायचे होते. मला लगेच हो किंवा नाही म्हणता आले नाही, कारण आमच्या इंदिरानगरच्या घरात तसाच एक डबा वर्षभरापासून आहे आणि त्याच्याविषयीचे माझे मत या काळात दोनदा बदलले आहे.

डबा मी माझ्या हौसेने घेतला होता. सकाळी अंथरुणातूनच हवामान विचारायचे, गिझर चालू करायला सांगायचे, संध्याकाळी जुनी नाट्यगीते ऐकायची, असा बेत होता. गिझरच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात कळले की स्पीकर नुसता हुकूम ऐकतो, तो बजावायला दुसरे उपकरण लागते. दोन किलोवॅटचा गिझर सहा ॲम्पिअरच्या प्लगवर चालत नाही, म्हणून सोळा ॲम्पिअरचा स्मार्ट प्लग वेगळा विकत आणला. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत त्याचे सुख वाटले, हे मान्य करतो. पण होळीनंतर तो प्लग कपाटात गेला तो गेलाच. गाण्यांचे म्हणाल तर पावणेदोन इंची स्पीकरमधून तबला डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. केवळ संगीतासाठी कोणी हे यंत्र घेत असेल, तर तेवढ्याच पैशांत बरा ब्लूटूथ स्पीकर मिळतो आणि तोच घ्यावा.

पत्नीचा आक्षेप याहून मूलभूत होता. कणकेचे हात असताना टायमर लावता येईल, असे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा तिने शांतपणे विचारले की हा शिट्ट्या मोजतो का. आमच्या घरी कुकर मिनिटांवर नव्हे, शिट्ट्यांवर चालतो. त्यानंतर स्वयंपाकघरातून डब्याची बदली आईच्या खोलीत झाली आणि तेथून या व्यवहाराचा हिशेबच बदलला.

आईचे वय ७६. काचबिंदूमुळे तिची नजर अधू झाली आहे. भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही, मोबाइलवरची अक्षरे तर नाहीच. सुरुवातीला ती डब्याशी मराठीतच बोलली, "किती वाजले गं?" डबा गप्प. ॲमेझॉनचे स्पीकर भारतात २०१७ मध्ये आले आणि गुगलचे २०१८ मध्ये. गुगलच्या स्पीकरला त्याच वर्षी हिंदी आली, ॲमेझॉनच्या अलेक्साला २०१९ मध्ये. आमच्या डब्याची मजल आजही हिंदी-इंग्रजीपुरतीच आहे. आपल्याच घरात पैसे मोजून आणलेल्या वस्तूसाठी शहात्तर वर्षांच्या बाईने भाषा बदलावी, हे मला अजूनही खटकते. आईने मात्र ते मनावर न घेता आपली हिंदी घडवली. एकदा तिने "लासलगाव में कांदे का भाव क्या चालू है" असे विचारले (मामाची कांद्याची चाळ निफाड तालुक्यात आहे), तेव्हा डब्याने कांद्यातील जीवनसत्त्वे सांगितली. आईने ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग मामाला फोन लावायला सांगितले.

मे महिन्यात मी कॅलेंडरच्या उलट्या बाजूला रेघा ओढायला सुरुवात केली. कोणी डब्याला काही विचारले की त्याच्या नावापुढे एक रेघ. पहिल्या आठवड्यात माझ्या ४६ रेघा झाल्या आणि चौथ्या आठवड्यात ९. आईच्या ३८ वरून ६१ वर गेल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक नुसती वेळ विचारण्याच्या होत्या, आणि सकाळी नऊ व रात्री नऊ या डोळ्यांत थेंब घालण्याच्या आठवणी वेगळ्याच, कारण त्या डबा आपणहून देतो. पूर्वी वेळ विचारायला ती आम्हाला हाक मारत असे आणि दिवसातून चार वेळा मारल्यावर पाचव्यांदा संकोचाने मारत नसे, हे मला त्या रेघा मोजताना लक्षात आले.

विजेचा खर्च फारसा नाही. नुसते जागे राहायला दोन वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे वर्षाला साधारण साडेसतरा युनिट. अडचण वीज गेल्यावर येते. देखभालीसाठी शनिवारी वीज बंद झाली की डबा मुका होतो आणि आई उशाशी ठेवलेला सेलचा रेडिओ चालू करून १०१.४ वर आकाशवाणी नाशिक लावते. डब्याला इंटरनेट पुरवणारा राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर तो खर्चही डब्याच्या किमतीतच धरायला हवा.

खासगीपणाची शंका मला रास्त वाटते. हे यंत्र स्वतःचे नाव ऐकू येईपर्यंतचे बोलणे जागच्या जागीच तपासते. नाव ऐकल्यावर पुढचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन कंपनीच्या सर्व्हरवर जाते. अलेक्सावरील मुलांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले होते. आम्ही दर महिन्याला ॲपमधून जुनी मुद्रणे पुसतो, आणि पैशांचे किंवा आजारपणाचे बोलणे निघाले की माइकचे बटण बंद करतो. आई त्याला "डब्याचे कान धरणे" म्हणते.

मावसभावाच्या घरी चौघेही धडधाकट आहेत आणि चौघांच्या हातांत फोन आहेत. फोनवरच्या गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी समजते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दोन आठवडे तेच वापरून रेघा ओढ आणि दुसऱ्या आठवड्यातल्या रेघा पाहून मला फोन कर, असे मी त्याला सांगितले आहे. आमचा डबा आठ दिवस वापरून पाहायला देण्याचेही माझ्या मनात होते, पण आईने रात्री नऊच्या थेंबांचे काय, असे विचारल्यावर तो विषय तेथेच थांबला.