कॅसेट कपाटात, गेम कार्डात

गेल्या रविवारी भाचा आला होता. बारा वर्षांचा आहे. माझ्या जुन्या थ्रीडीएसवर, म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्रावर, त्याचा कधीपासून डोळा. हातात घेतला, दोन-तीनदा उघडझाप केली आणि म्हणाला, "आत्या, माझ्या मित्राकडे असलाच एक आहे, त्यात दहा हजार गेम आहेत. कॅसेट वगैरे काही लागतच नाही. तुझ्यातपण टाक ना गं तसे."

माझ्यात पंधरा होते. अकरा कॅसेटींवरून उतरवलेले, चार ऑनलाइन दुकान बंद व्हायच्या आधी विकत घेतलेले. कॅसेट मलाही लागत नव्हती, सगळं आतल्या एसडी कार्डवर होतं. पण त्या अकराही कॅसेटी माझ्या कपाटात एका डब्यात होत्या. त्याला हा हिशेब काही केल्या पटेना. कॅसेट घालायचीच नसेल तर विकत कशाला घ्यायची? तेव्हा मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. ते अपुरं होतं हे मला त्याच रात्री कळलं, म्हणून आज नीट लिहिते आहे. पोस्ट मोठी आहे.

आधी आमच्या पिढीबद्दल. नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये ज्या घरी व्हिडिओ गेम होता, तो टीव्हीला जोडायचा डबा निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होता. निन्टेंडो हे नाव आम्ही ऐकलंही नव्हतं. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत पाच-सहाच गेम पुन्हा पुन्हा यायचे. दुकानदार कॅसेट भाड्याने द्यायचा, वर पैसे घालून बदलूनही द्यायचा. आमच्या घरी उधारीचे दोन रुपयेसुद्धा लक्षात ठेवून परत दिले जायचे, पण ती कॅसेट चोरीची आहे असा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. गेम कुणीतरी बसून बनवतं, त्यालाही घर चालवायचं असतं, हेच मुळी माहीत नव्हतं. त्या वयातल्या आम्हा मुलांना मी दोष देत नाही.

२००८ सालच्या मला मात्र देते. दादा न्यूजर्सीहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी डीएस लाइट (थ्रीडीएसच्या आधीचं यंत्र) आणला, सोबत दोन अस्सल कॅसेटी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तिसरी कॅसेट घ्यायची तर महिन्याचा सगळा पॉकेटमनी जाणार. मग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आर-फोर नावाचं कार्ड आणलं. डीएसच्या कॅसेटच्याच आकाराचं, आत मायक्रोएसडी कार्ड बसतं, दोन जीबीपर्यंतचं. दुकानदाराने दहा मिनिटांत चाळीस गेम भरून दिले. फुकट, 'सोबत'. त्या चाळीसांतले मी पुरते खेळले तीन. बाकीचे उघडायचे, दोन मिनिटं बघायचे, बंद करायचे. दादाने आणलेल्या दोन कॅसेटींमधल्या एकेका पातळीवर मी आठवडे घालवले होते. त्या चाळीसांवर एक संध्याकाळसुद्धा धड घालवली नाही.

ती चोरी होती. परवडत नव्हतं हे कारण खरं आहे, आणि भारतात त्या गेमच्या किमती इथल्या पगारांच्या मानाने अन्याय्य होत्या हेही खरं आहे. तरी जे केलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. जपानच्या कोर्टाने २००९ मध्ये आणि इंग्लंडच्या कोर्टाने २०१० मध्ये ही आर-फोरसारखी कार्डं बेकायदा ठरवली. तेव्हा मी त्या बातम्या वाचून चिडले होते. आज चिडत नाही.

मग आता मी जे करते ते वेगळं कसं?

थ्रीडीएस मी नोकरी लागल्यावर घेतला. कॅसेटी एकेक करून जमवल्या, बहुतेक वापरलेल्या. २०२२ च्या पावसाळ्यात त्यातली एक वाचली जाईना. संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, तीन दिवस खटपट, आणि ती जिवंत झाली. त्या तीन दिवसांत मी ठरवलं की सगळ्यांची प्रत काढून ठेवायची. कन्सोलच्या, म्हणजे गेम-यंत्राच्या, आतलं मूळ सॉफ्टवेअर थोडं बदलावं लागतं. मग कॅसेट घातली की तिच्यातला मजकूर वाचून त्याची एक फाइल बनते, ती फाइल कार्डवर इन्स्टॉल होते आणि होम स्क्रीनवर गेमचं चित्र येतं. त्यानंतर कॅसेट आत असो वा नसो, गेम चालतो. सगळ्यांचं काम एका शनिवार-रविवारी झालं.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. ती फाइल माझ्या कॅसेटवरून आली की कुठल्याशा वेबसाइटवरून, हे कन्सोलला कळत नाही. रस्ता तोच, दार तेच. म्हणून कंपन्या म्हणतात की दारच बंद हवं, आणि फुकटे म्हणतात की दार उघडं आहे तर सगळंच आमचं. मला दोघांचंही पटत नाही.

आपला कायदा मी वाचून काढला. वकील नाही, पण मराठी माणसाला कागद वाचायची सवय असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणतं की संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याने ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढणं हे उल्लंघन नाही. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५-अ डिजिटल कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण उल्लंघनाच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा आहे, मोजके अपवाद सोडून. म्हणजे या बाबतीत आपला कायदा जास्त समंजस आहे. पण त्याच कायद्यात ६३-ब आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही वापरली तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. 'मी फक्त डाउनलोड केलं, विकलं थोडंच' एवढ्याने तिथे सुटका होत नाही, फार तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं.

माझा स्वतःचा नियम यावरून आला. कॅसेट माझ्याकडे आहे तोवर प्रत माझी. गेल्या वर्षी मी बारावी कॅसेट एका मुलाला विकली, त्याच संध्याकाळी कार्डवरचा तो गेम पुसला. कॅसेट विकून पैसे घ्यायचे आणि कॉपी ठेवून खेळायचं, हे करणारे माझ्या ओळखीत चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत. ते स्वतःला पायरसीच्या विरोधात समजतात.

आता कंपन्यांकडे वळते, कारण त्यांना मोकळं सोडायचं नाही. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान विक्रीसाठी बंद केलं. आधी घेतलेलं पुन्हा डाउनलोड करता येतं, नवीन काही घेता येत नाही. शेकडो गेम असे होते जे फक्त त्या दुकानातच मिळायचे, त्यांची कॅसेट कधी निघालीच नाही. एका अमेरिकन यूट्यूबरने बंद होण्याआधी थ्रीडीएस आणि वी यू (निन्टेंडोचंच टीव्हीला जोडायचं यंत्र) या दोन्हींच्या दुकानांतला प्रत्येक गेम विकत घेतला. खर्च बावीस हजार डॉलरच्या वर. इतके पैसे मोजूनही ते सगळं त्या खात्याशी आणि त्या यंत्राशी बांधलेलं. उद्या एखाद्या बंद झालेल्या गेमसाठी मी खिशात पैसे घेऊन उभी राहिले तर घ्यायला कुणी नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात सरळ विकत मिळत नव्हते. गेमबॉय या निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या गेममध्ये मिळणारे सहा टक्क्यांच्याही खाली. मग त्यांनी आणि ग्रंथालयांनी मागणी केली की अभ्यासकांना जुने गेम लांबून पाहता यावेत एवढी तरी सूट द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीही नाकारली गेली. दुर्मीळ पुस्तक ग्रंथालयात बसून वाचता येतं, तेवढीच मागणी होती. मला याचा खरोखर राग आहे.

आणि आता तर कॅसेटच पोकळ होऊ लागली आहे. ५ जून २०२५ ला निन्टेंडोचं नवं यंत्र, स्विच २, आलं, त्याबरोबर गेम-की कार्ड आलं. दिसायला कॅसेट, डब्यात मिळते, पूर्ण किंमत मोजायची, पण आत गेम नसतो, फक्त किल्ली. गेम कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा. तो सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसानंतर नव्या यंत्रावर त्या किल्लीने काय उघडायचं? माझ्या २०११ च्या कॅसेटीचा सगळा गेम तिच्या पोटात आहे. वीज आणि एक चालू थ्रीडीएस, एवढं पुरतं. ग्राहकाने कॅसेटशिवाय गेम चालवला तर ती शंकास्पद गोष्ट, आणि कंपनीने गेमशिवाय कॅसेट विकली तर तो व्यवसाय, हे मला मान्य नाही.

इथपर्यंत वाचून जे माना डोलावत असतील त्यांना पुढचं कदाचित आवडणार नाही.

'जतन' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. मे २०२३ मध्ये झेल्डा या निन्टेंडोच्या गाजलेल्या मालिकेतला नवा गेम १२ तारखेला यायचा होता. त्याआधीच फुटला, आणि निन्टेंडोच्या दाव्यानुसार प्रकाशनापूर्वीच दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला. दुकानात यायचा होता, दहा-बारा दिवस थांबायचं होतं, त्यात कुणी काय जतन केलं? पुढे यूझू या एमुलेटरवर, म्हणजे निन्टेंडोच्या स्विच या यंत्राचे गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खटला झाला, मार्च २०२४ मध्ये चोवीस लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच लोकांचा सित्रा हा थ्रीडीएसचा एमुलेटरही त्याबरोबर गेला. खऱ्या जतनाचं एक चांगलं साधन काहींच्या उतावीळपणापायी गेलं. दारासाठी भांडणाऱ्या आपल्यासारख्यांची बाजू त्या दहा लाखांनी पातळ केली.

जवळचं उदाहरण घ्या. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, २०२० मध्ये तो सगळ्यांत आधी स्विचवर आला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर त्यांना हवे तेवढे पैसे जमले नव्हते, तरी त्यांनी काम सोडलं नाही. आपल्याकडची मुलगी, आपल्याकडची चित्रशैली, आपल्याकडचे राक्षस. असा गेम फुकट उतरवून पुन्हा 'भारतात चांगले गेम का बनत नाहीत' असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांच्याशी आता वाद घालते, पूर्वी गप्प बसायचे.

आणि भाच्याच्या मित्राचं ते दहा हजारवालं यंत्र. तीन-चार हजारांत ऑनलाइन मिळतं, कार्ड भरूनच येतं. त्यातला एक पैसाही गेम बनवणाऱ्या कुणाला जात नाही, कार्ड भरणाऱ्याला मात्र जातो. माझा लॅमिंग्टन रोडचा दुकानदार आता घरपोच येतो, एवढाच फरक. मुलाला वाढदिवसाला ते देणाऱ्या आईवडिलांना बहुतेक माहीतही नसतं, जसं आमच्या आईवडिलांना नव्हतं. म्हणून त्यांच्यावर ओरडू नये, सांगावं.

भाच्याला मी थ्रीडीएस दिला. डबाही दिला, अकराही कॅसेटींसकट. "कॅसेट लागत नाही ना, मग डबा कशाला नेऊ?" म्हणाला. म्हटलं, दोन्ही एकत्र राहतात, गेम तुझा आहे याची ती पावती आहे. एखादी विकलीस तर कार्डवरूनही काढायचा. काल रात्री त्याचा फोन आला होता. एका कोड्यावर तीन दिवस अडकलाय. उत्तर सांगितलं नाही.

एक काम होतं. २००८ मध्ये आर-फोरवर जे तीन गेम मी शेवटपर्यंत खेळले, त्यातल्या दोघांच्या अस्सल कॅसेटी मी नंतर शोधून घेतल्या. वापरलेल्या घेतल्याने बनवणाऱ्यांना काही मिळालं नाही हे मला कळतं, तरी घेतल्या. तिसरी, प्रोफेसर लेटनचा पहिला भाग, डीएसची, अजून सापडत नाही. डोंबिवली, ठाणे किंवा पुण्यात कुणाच्या कपाटात पडून असेल तर मेसेज करा. डबा आणि पुस्तिका नसली तरी चालेल, येऊन घेऊन जाईन.