नॉर्म, म्हणजे एका पाळीत किती काम व्हायला हवं तो आकडा, कोण ठरवतो?
कामगारांच्या हाती कारखान्याचं नियंत्रण गेलं की उत्पादकता घसरते, असं एका लेखात म्हटलंय. सोव्हिएत अनुभव इतका सरळ नाही. स्ताखानोव या सोव्हिएत खाणकामगाराने 30-31 ऑगस्ट 1935 च्या रात्रपाळीत 7 टनांच्या नॉर्मसमोर 102 टन कोळसा काढला, तो निव्वळ मनगटाच्या जोरावर नव्हे. एरवी कोळसा फोडणाराच मध्ये थांबून छताला लाकडी टेकू लावायचा, तेवढा वेळ हवेवर चालणारा हातोडा बंद. त्या रात्री टेकू लावायला मागे दोन वेगळे कामगार होते, म्हणून हातोडा अखंड चालला. म्हणजे ते 102 टन तिघांचे! पद्धत अस्सल होती, हिशेब चुकीचा मांडला गेला. 1936 मध्ये अनेक उद्योगांत नॉर्म सरकारकडून वाढवले गेले. माल आणि सुटे भाग वेळेवर येतील याची हमी मात्र नव्हती. आज दाखवलेला वेग उद्याचा नॉर्म होणार असेल तर कामगार वेग लपवणारच. युगोस्लाव्हियाने 1950 च्या कायद्याने कारखाना चालवण्यात वाटा असलेल्या, कामगारांनी निवडलेल्या परिषदा आणल्या, पण मोठ्या गुंतवणुकीचे निर्णय बराच काळ वर, सरकारी पातळीवरच होत राहिले. माझ्या मते कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचे तक्ते अशा परिषदेकडेच हवेत, आणि नवी पद्धत सुचवणाऱ्या गटाचा नॉर्म व मजुरीचा दर ठरावीक मुदतीपर्यंत गोठवायला हवा.