बरणीत माझी चिठ्ठी नव्हती

शुक्रवारी रात्री ९:४० ला शाळेच्या ॲपवर नोटीस येते. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची निवड उद्या सकाळी १०:३० वाजता, इच्छुक पालकांनी हजर राहावे. उद्या! अहो, कायदा सांगतो आठवडाभर आधी कळवा, आणि तुम्ही जेमतेम तेरा तास आधी कळवता? तेही अशा वेळी, जेव्हा अर्धी डोंबिवली लोकलमधून उतरून नुकती घरात शिरलेली असते. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी पोराचा अभ्यास घेत असतं. हे चुकून होत नाही. तीन वर्षं बघतेय मी. दरवर्षी हाच वार, हीच वेळ.

ही समिती म्हणजे काय ते आधी सांगते, कारण निम्म्या पालकांना वाटतं की गॅदरिंगला वडापावचा स्टॉल कोण लावणार हे ठरवायला ती असते. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. कायद्याचं नाव तोंडपाठ झालंय मला. खाजगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सभासद. मग ज्यांची इच्छा आहे त्या पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्यातून कार्यकारी समिती काढायची. प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. अध्यक्ष मुख्याध्यापक, पण उपाध्यक्ष पालकांमधला, दोन्ही सहसचिव पालकांमधले. निम्म्या जागा बायकांना. आणि शाळेला पुढच्या वर्षी फी वाढवायची असेल, तर सहा महिने आधी सगळे कागद घेऊन याच समितीसमोर यावं लागतं. एकदा ठरलेली फी दोन वर्षं चालते. म्हणजे जुलैतल्या त्या शनिवारी बरणीतून जी नावं निघतात, ती डिसेंबरात तुमच्या-माझ्या घरखर्चाला हात घालतात.

चिठ्ठ्या का, तर शाळेने आपली माणसं निवडू नयेत म्हणून. एवढी साधी गोष्ट आहे. आणि त्याच साध्या गोष्टीची आमच्या शाळेत काय वाट लावली ते ऐका.

मी दहा दिवस आधीच लेखी अर्ज दिला होता. इयत्ता सहावी, इच्छुक पालक म्हणून माझं नाव घ्यावं. माझ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आहे, खाली तारीख आहे, कारकुनाची सही आहे. शनिवारी अर्धी रजा टाकून गेले. १६०० मुलांची शाळा, आणि वर्गात पालक किती? मला धरून १४. टेबलावर लाल झाकणाच्या बरण्या, एकेका इयत्तेची एक. चिठ्ठ्या आधीच घड्या घालून आत. आमच्यासमोर लिहिल्या का नाहीत, असं विचारलं तर म्हणे वेळ वाचावा म्हणून तयार ठेवल्यात. सहावीच्या बरणीत तीन चिठ्ठ्या. शिपाईमावशींनी एक काढली, बाईंनी उघडली आणि नाव वाचलं. गेल्या वर्षीच्या उपाध्यक्षांची बायको! एकदा समितीवर राहिलेल्या पालकाचं नाव पुढची तीन वर्षं चिठ्ठीत टाकता येत नाही, म्हणून गेल्या वर्षी नवरा आणि यंदा बायको. टाळ्या वाजवल्या लोकांनी.

मी उठले आणि म्हटलं, उरलेल्या दोन चिठ्ठ्या उघडून दाखवा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शाळेवर अविश्वास दाखवताय का?" मी म्हटलं, हो, दाखवतेय. आणि सरळ बरणीत हात घातला. एका चिठ्ठीवर अशा गृहस्थांचं नाव, ज्यांची मुलगी एप्रिलमध्ये दाखला काढून पुण्याला गेली. दुसऱ्या चिठ्ठीवर पुन्हा त्याच उपाध्यक्षांच्या बायकोचं नाव. निळ्या जेल पेनाने, त्याच अक्षरात. तीन चिठ्ठ्या, त्यात दोन एकीच्याच आणि तिसरी शाळेत नसलेल्या माणसाची. माझी नव्हतीच!

मी दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर सरळ करून ठेवल्या, शेजारी माझा शिक्क्याचा अर्ज ठेवला आणि फोटो काढले. "क्लेरिकल मिस्टेक झाली असेल, पुढच्या वर्षी बघू," हे उत्तर. कसली मिस्टेक? एकाच बाईचं नाव दोनदा लिहिताना हात चुकतो, आणि माझं नाव लिहितानाही नेमका तोच हात चुकतो? पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय? फी यंदा ठरणार आहे!

पण खरं सांगू? शाळेचा राग आहेच, तो जाणार नाही. त्याहून जास्त आग होते ती त्या खोलीतल्या उरलेल्या १३ जणांची. मी चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा सगळ्यांनी बघितल्या. एकजण बोलला नाही. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी खिडकीबाहेर बघत बसलं. बाहेर जिन्यात एका मुलीचे बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे हो, पण पोरं इथेच शिकायची आहेत ना." मग आत का नाही बोललात? जिन्यात येऊन मला सांगून काय उपयोग? हेच गृहस्थ आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी फी वाढली तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत लिहीत होते. लूट आहे, कोर्टात खेचलं पाहिजे, सगळ्यांनी एकत्र यायला हवं. एका रात्रीत दोनशेच्या वर मेसेज! त्याच ग्रुपवर मी चार दिवस आधीपासून लिहीत होते की निवड कधीही लागेल, नावं द्या. त्याला किती उत्तरं आली? दोन अंगठे आणि एक हात जोडलेला.

ती फीवाढ कशी मंजूर झाली होती तेही सांगते. माझी वहिनी तेव्हा चौथीची पालक प्रतिनिधी होती. तिला मीटिंगला बोलावलं, चहा-सामोसे दिले आणि वही पुढे केली. पानाच्या वर फक्त तारीख, बाकी सगळं पान कोरं. "हजेरी आहे, इथे सही करा, इतिवृत्त आम्ही नंतर लिहून घेतो." तिने केली सही. सगळ्यांनी केली. हिशेब मागितला तर म्हणे सीए बाहेरगावी आहेत. पुढच्या आठवड्यात बोर्डावर कागद लागला की कार्यकारी समितीच्या संमतीने फी ५८,००० वरून ६६,७०० रुपये. त्या कोऱ्या पानावरच्या सह्या हीच ती संमती! वहिनी महिनाभर रडत होती. मंजूर झालेली फी मराठीतूनसुद्धा लावायची असा नियम आहे, आमच्याकडे इंग्रजी कागद तिसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटर लॅबच्या शेजारी. तिथे कोण पालक जातो?

आणि नंतर जागं होऊन काही उपयोग नाही. कायद्यात पुढे दुरुस्ती झाली, आता विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायची तर निदान २५ टक्के पालक लागतात. आमच्या शाळेत म्हणजे ४०० मुलांचे पालक. जिथे खोलीत १४ च्या वर माणसं जमत नाहीत तिथे ४०० सह्या कुठून आणू मी? रेल्वे ब्रिजवर टेबल टाकून बसू?

माझी आत्या सिन्नर तालुक्यातल्या गावात राहते. तिथली जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के पालक. अध्यक्ष कोण व्हायचा यावरून तिथे ग्रामपंचायतीसारखी चुरस लागते. पालकसभेला शेतातली कामं सोडून माणसं येतात, वाद होतात, आवाज चढतात. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं उघडून बघतात बाया. फुकट शाळेत एवढं लक्ष, आणि आपण वर्षाला साठ-सत्तर हजार मोजून गप्प! आपल्याच सोसायटीच्या निवडणुकीत पार्किंगवरून शर्टाची कॉलर धरणारी माणसं शाळेच्या खुर्चीत बसली की मान खाली घालतात. का?

का ते मला माहीत आहे. आणि ते खोटं नाही, हेही मला माहीत आहे. त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी माझा मुलगा घरी आला. सॉक्स काढता काढता म्हणाला, "आई, तू शाळेत भांडलीस का गं?" कोण म्हणालं विचारलं तर म्हणाला, बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, तुझी आई फार भांडते का रे घरी? मुलं हसली. अकरा वर्षांचं पोर हो! त्याचा काय संबंध? त्याने डबा तसाच परत आणला होता, भाजीला हात लावला नव्हता. त्या रात्री मी झोपले नाही. नवरा म्हणाला, सोडून दे, दहावीपर्यंत चार वर्षं काढायची आहेत. क्षणभर वाटलं, सोडावंच.

मग आणखी राग आला. कारण याच्यावरच चाललंय सगळं! बरणीतल्या चिठ्ठ्या, कोरी पानं, रात्रीची नोटीस, हे सगळं एवढ्याच भरवशावर चालतं की आपण आपल्या मुलाकडे बघून गप्प बसू. मी एकटी उभी राहिले म्हणून त्या बाईला माझ्या एकट्या मुलाला विचारता आलं. त्या दिवशी १४ च्या १४ जण उठले असते तर काय १४ मुलांना उभं करून विचारणार होत्या? जिन्यात हळू आवाजात बोलणाऱ्या त्या बाबांना हे कळत नाही का? त्यांच्या गप्प बसण्याची किंमत माझ्या मुलाने मोजली. त्यांची मुलगी त्याच वर्गात आहे. हसणाऱ्यांत तीही असेल.

वर्गशिक्षिकेला भेटून आले मी. आवाज चढवला नाही, फक्त सांगितलं की माझ्याशी जे बोलायचं ते माझ्याशी बोला, परत पोराला विचारलंत तर पुढचा अर्ज तुमच्या नावाने असेल. खाली मान घालून ऐकून घेतलं त्यांनी. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. त्यांचा पगार किती आणि सही किती आकड्यावर घेतात, हेसुद्धा त्या हिशेबाच्या कागदांत बघायचंय मला.

शिक्षण विभागात तक्रार टाईप करून ठेवली आहे. चिठ्ठ्यांचे फोटो, शिक्क्याचा अर्ज, नोटिशीचा वेळेसकट स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. निवड रद्द करा आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या लिहून परत घ्या, एवढीच मागणी. खाली त्या दिवशी हजर असलेल्या पालकांच्या सह्यांसाठी १४ ओळी आखल्यात. दोन भरल्यात. एक माझी. दुसरी सही इयत्ता दुसरीतल्या एका मुलीच्या आजीची. मुलीची आई नोकरीला परदेशात, म्हणून मीटिंगला आजी येते. चष्मा पुसून अख्खा कागद वाचला त्यांनी, मग पूर्ण नाव लिहून सही केली आणि म्हणाल्या, "मला त्या दिवशी नीट दिसलं नव्हतं गं चिठ्ठीवर काय आहे ते, नाहीतर तिथेच बोलले असते."

तुम्हाला बाकी बाराजणांना दिसलं होतं. सोमवारी सकाळी पावणेसातपासून मी गेटवर आहे, वडाच्या बाजूला. कागद आणि पेन दोन्ही माझ्याकडे आहे. ११ वाजता तक्रार जमा करणार.