पाय वर घेऊन बसा

आमच्याकडे हल्ली पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी "पाय वर घेऊन बसा" असं सांगावं लागतं. संध्याकाळी सातच्या सुमारास कुणी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये डोकावलं तर त्याला वाटेल, घरात पुराचं पाणी शिरलंय. मी सोफ्यावर मांडी घालून, बायको शेजारी पाय पोटाशी घेऊन, आई दिवाणावर भिंतीला टेकून आणि मुलगी थेट डायनिंग टेबलावर. खाली फरशीवर अडीच किलोचं, बुंदीच्या लाडवाच्या रंगाचं एक जनावर माझी डावी चप्पल तोंडात धरून उभं. शेपूट हलतंय. स्वारी अत्यंत आनंदात.

रंगावरून आम्ही तिचं नाव बुंदी ठेवलं. आईच्या मते बारशाची घाई झाली. चार दिवस थांबलो असतो तर चकली ठेवता आलं असतं.

बुंदी गावठी कुत्री आहे. हल्ली 'इंडी' म्हणायचं असतं, असं मुलीने मला दोनदा बजावलंय. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पाच पिल्लं होती, त्यांची आई गाडीखाली गेली, आणि आठवीतली आमची मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, मी सगळं करीन." हे 'सगळं' पहिल्या शूपर्यंत टिकलं. त्यानंतर ओलं फडकं वंशपरंपरेने माझ्याकडे आलं. म्हणजे परंपरा उलटी चालली, पण आली.

शू वगैरे ठीक आहे हो. प्रश्न दातांचा आहे.

'दुधाचे दात' हा शब्द फारच फसवा. कानाला कसा मऊ लागतो, गुटगुटीत बाळाच्या हसण्यासारखा. प्रत्यक्षात त्या शिवणाच्या सुया असतात, आणि एका पिल्लाच्या तोंडात त्या २८ असतात. माझ्या अकलदाढा काढून झाल्यात, त्यामुळे माझेही २८च. कागदावर सामना बरोबरीचा. फक्त ती खेळते आणि मी खेळला जातो. पिल्लाच्या उंचीवरून पाहिलं तर माणूस म्हणजे दोन घोटे आणि एक लोंबणारी नाडी. घोट्यांची सवय होते. नाडीचं तसं नाही. लेंग्याची नाडी कुणाच्या तरी जबड्यात असताना कुरियरवाल्याला दार उघडणं ज्याने अनुभवलंय, त्यालाच माझं दुःख कळेल. बाकीच्यांनी हसावं.

पहिल्यांदा रक्त आलं ते करंगळीला. आधी नळाखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटं हात धुतला (यात थट्टा नाही, सगळ्यांनी धुवावा) आणि आमच्या डॉक्टरांकडे गेलो.

"कुत्रं पिसाळलेलं होतं का?" कंपाउंडरने विचारलं.

"नाही. आनंदात होतं."

"रेबीजची लस झालीय त्याची?"

"तीन महिन्यांची झाली की द्यायची आहे."

"मग दंड पुढे करा."

पहिला दिवस धरला शून्य, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. लस तिला मिळायच्या आधी मलाच मिळाली. आईला हे पटलंच नाही. तिच्या हिशेबाने कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायची असतात, आणि दंडावर पाचात भागवणारा डॉक्टर काहीतरी लपवतोय.

मग सल्ले सुरू झाले. पुण्यात घर मिळणं कठीण, सल्ला नाही. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी मारा. बुंदीने गुंडाळी पुरवणीसकट फाडली आणि वर काकांच्या मोज्यांकडे मोर्चा वळवला. (मारायचं नसतंच. पिल्लू हाताला घाबरायला लागतं, चावणं राहतं ते राहतंच.) मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यातली बाई सांगत होती की पिल्लं एकमेकांशी खेळताना यातूनच शिकतात. एक जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून देतं, मग पहिल्याला कळतं की इतका जोर नको. आपल्या बुंदीची ही शाळा मध्येच सुटली. तेव्हा भावंडांचं काम आता आपण करायचं. चावली की बारीक आवाजात किंचाळायचं.

आता, मराठी माणूस दुखल्यावर काय किंचाळतो?

"आई गं!" मी किंचाळलो.

"काय रे?" आतून आई.

"काही नाही."

पुन्हा घोटा. "आई गं!"

"अरे काय? आले, आले."

साठ वर्षांच्या संसारात आईला इतक्या हाका कुणी मारल्या नसतील. ती पोथी मिटून, चष्मा सावरत, गुडघ्यावर हात ठेवून बाहेर यायची, तोवर बुंदी माझा घोटा सोडून तिच्या पदराला लटकायची, मग तीही तिच्या कैलासवासी आईला हाक मारायची. किंचाळण्याने काही पिल्लं दचकून थांबतात म्हणे. आमची त्या जातीची नव्हती. तिला वाटलं आपण बाजा दाबतोय आणि तो वाजतोय. ती जास्त जोरात दाबू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "घरात सगळं बरं आहे ना?"

खरी कसोटी दिवेलागणीला. आई निरांजन लावते, हात जोडते, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बुंदीच्या अंगात येतं. दुसरा शब्द नाही. कान मागे, शेपूट पोटात, पाठीची कमान, आणि हॉल, बेडरूम, पुन्हा हॉल, सोफ्याला वळसा, पायपुसण्यावरून घसरत स्वयंपाकघर. वाटेत येईल त्याला चावा. एकदा आईने दृष्ट काढायची म्हणून मीठ-मोहरीची मूठ तिच्यावरून ओवाळली. बुंदीला तो खेळ फार आवडला. मूठ जिकडे जाई तिकडे ती उडी मारी. मोहऱ्या अजून सोफ्याखाली सापडतात.

सुटका केली ती मावशींनी. आमच्याकडे धुणीभांडी करतात त्या. चार दिवस गावाला गेल्या होत्या, पाचव्या दिवशी सकाळी दार ढकलून आत आल्या. बुंदी बाणासारखी सुटली. मावशी जागच्या जागी थांबल्या, हात वर बांधले, नजर पंख्याकडे, आणि बायकोला म्हणाल्या, "वैनी, भांड्यांचा साबण संपलाय, सांगून गेले होते." साबणाचा विषय संपेपर्यंत बुंदीने साडीचा काठ ओढून पाहिला, एकदा भुंकली, मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि चक्क खाली बसली.

"तिच्याकडं बघायचं न्हाई, दादा. बघितलं की तिला वाटतं या म्हटलं. आणि ही झोपती कधी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळी मुलगी शाळेआधी खेळवते. अकराला तळमजल्यावरची जुळी बघायला येतात. दुपारी मी लाड करतो. चारला मुलीच्या मैत्रिणी, सहाला जुळ्यांची मैत्रमंडळी.

"पोर झोपलं न्हाई की किरकिरतं. हे चावतं."

हेच पुढच्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं. या वयाचं पिल्लू दिवसाकाठी १८ ते २० तास झोपायला हवं. आमची जेमतेम दहा तास झोपत होती. म्हणजे ज्याला आम्ही अंगात येणं समजत होतो, ती पेंग होती.

तेव्हापासून जिन्याच्या दारावर 'दुपारी १ ते ४ झोपलेली असते' अशी पाटी लागली. पुण्यात अशा पाटीवर कुणी खुलासा मागत नाही. येणारे मुकाट्याने परत जाऊ लागले.

आणि न बघण्याची विद्या? तिथे मात्र मला माझं जीवितकार्य सापडलं. मी २६ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. समोरचा माणूस काचेवर टकटक करतोय, खाकरतोय, स्लिप हलवतोय, आणि आपण त्याच्या आरपार पाहतोय, हा चेहरा मला शिकावा लागला नाही. तो निवृत्तीनंतर नुसताच पडून होता. बुंदी चावायला आली की मी उठून उभा राहतो, हाताची घडी घालतो आणि 'जेवणाची सुट्टी' हा भाव धारण करतो. ती नाडी ओढते, गुरगुरते, दोन प्रदक्षिणा घालते, आणि शेवटी आपली स्लिप घेऊन दुसऱ्या काउंटरला जाते. बायको म्हणते, "अहो, हा चेहरा मी ओळखते. भाजी आणा म्हटलं की असाच असतो."

हिरड्या शिवशिवतात म्हणून डॉक्टरांनी थंड काहीतरी चावायला द्यायला सांगितलं. गार गाजर तिला आवडलं. ओल्या नॅपकिनला गाठी मारून फ्रीझरमध्ये ठेवला तर तो त्याहून आवडला. फक्त पाहुण्यांसाठी बर्फ काढायला गेलेल्या मेव्हण्याच्या हातात तो आला, आणि त्याने त्या दिवशी सरबत बिनबर्फाचं घेतलं.

चावणं एका दिवसात थांबलं नाही. दिवसाला चाळीस होतं ते दहावर आलं, मग चारवर, मग नुसतं तोंडात हात धरून बसणं. सुया गेल्या, चिमटे राहिले. डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे सगळे पडतील आणि पक्के ४२ येतील. बरोबरीचा सामना तिथे संपला.

परवा दुपारी, बुंदी साडेपाच महिन्यांची असताना, मी पाणी प्यायला उठलो. ती सोफ्याखाली चारही पाय वर करून घोरत होती. घरात शांतता. मी अनवाणी, दबक्या पावलांनी स्वयंपाकघराकडे निघालो, आणि टाचेत काहीतरी कचकन घुसलं. वाकून पाहिलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, वाकडा, पांढरा सुळा. पडलेला. मालकीण सहा हातांवर झोपलेली.

"आई गं!"

बुंदीचा कानसुद्धा हलला नाही. आतून आवाज आला, "काय रे?"