झारने न वाचलेली पाटी

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा एकदा फिरतंय: रशियाचा झार पहिला निकोलस १८४४ साली लंडनला गेला, 'वॉक्सहॉल' स्टेशनची पाटी वाचून त्याला वाटलं की इंग्रज स्टेशनलाच वॉक्सहॉल म्हणतात, आणि घरी येऊन त्याने तोच शब्द चालू केला. म्हणून रशियनमध्ये रेल्वे स्टेशन म्हणजे 'वोक्झाल'.

शब्द वॉक्सहॉलवरूनच आला, एवढं खरं. बाकी झारची उगाच बदनामी.

पाटी वाचली म्हणे. कुठली? तो १८४४ च्या जूनमध्ये लंडनला गेला होता, पण वॉक्सहॉलचं स्टेशन उघडलं जुलै १८४८ मध्ये.

बरं, झारला रेल्वेचं अप्रूप असावं, तर सेंट पीटर्सबर्गहून पहिली आगगाडी १८३७ मध्येच सुटली होती. तीही त्सार्स्कोये सेलोला, म्हणजे त्याच्याच उन्हाळी महालाच्या गावी!

आणि शब्द त्याने आणला? रशियन कवी पुश्किनने चौदाव्या वर्षी, १८१३ च्या एका कवितेत, 'वोक्साल' वापरलाय. अर्थ, लोक मौजमजेला जातात ती जागा. पुश्किन वारला १८३७ च्या सुरुवातीला, ती पहिली गाडी धावली त्या वर्षाच्या अखेरीस. लंडनच्या वॉक्सहॉलला थेम्सकाठी एक बाग होती: पैसे भरून आत जायचं, दिव्यांची रोषणाई, गाणंबजावणं, खाणंपिणं. तिच्या नकला युरोपभर निघाल्या. मॉस्कोत मायकेल मॅडॉक्स नावाच्या इंग्रजाने अठराव्या शतकातच एक काढली होती.

मग स्टेशन कुठून आलं? १८३८ मध्ये तीच लाइन पुढे पाव्लोव्स्कपर्यंत गेली. तिथवर तिकीट काढून कोण कशाला जाईल? म्हणून शेवटच्या स्टेशनालाच जोडून मैफलींचं दालन उभं राहिलं, सोबत जेवणाची सोय, आणि नाव अर्थातच 'वोक्साल'. १८५६ पासून तर व्हिएन्नाचा वॉल्ट्झ संगीतकार धाकटा योहान स्ट्राउस तिथे उन्हाळी मैफली करायचा. गाडीतून उतरलं की समोर वोक्साल. नाव आधी त्या इमारतीला चिकटलं, मग गावोगावच्या स्टेशनांना.

'वोकल' अधिक 'झाल', म्हणजे गाण्याचं दालन, अशीही एक फोड सांगतात. 'स'चा 'झ' होण्यात रशियन 'झाल'चा (दालन) हात असावा, पण पुश्किनच्या वेळी तिथे 'स'च होता.

आता तिकडच्या बस स्टँडलाही 'आव्तोवोक्झाल' म्हणतात. तिथे ना स्ट्राउस, ना रूळ.