डोळ्यातली बाहुली केवळ रोमनांची नाही

‘प्युपिला’ या लॅटिन शब्दाविषयीचा लेख वाचला. या शब्दाचा मूळ अर्थ ‘लहान मुलगी’ किंवा ‘बाहुली’ असून, समोरच्याच्या डोळ्यात दिसणाऱ्या आपल्याच इवल्याशा प्रतिबिंबावरून तो डोळ्याच्या मध्यातील काळ्या छिद्राला लागू झाला, हे लेखातील विवेचन मला पटले; मात्र ही कल्पना ‘खास रोमन’ असल्याचे विधान मुळीच मान्य होण्यासारखे नाही. ग्रीक भाषेत ‘कोरे’ म्हणजे मुलगी आणि डोळ्यातली बाहुलीही. संस्कृतातील ‘कनीनिका’ हा शब्दही मुलगी या अर्थाशीच जोडलेला आहे. आणि आपण मराठीत आजही ‘डोळ्यातली बाहुली’च म्हणतो! लहानपणी आजी मला मांडीवर घेऊन, “माझ्या डोळ्यात बघ, तुझी बाहुली दिसते का?” असे विचारत असे, आणि तिला लॅटिनचा गंधही नव्हता.

दुसरे असे की, इंग्रजीत डोळ्यातल्या बाहुलीप्रमाणेच विद्यार्थ्यालाही ‘प्युपिल’ का म्हणतात, याचा उलगडा लेखात राहून गेला आहे. रोमन कायद्यात पितृछत्र हरपलेल्या अल्पवयीन मुलाला ‘प्युपिलस’ व मुलीला ‘प्युपिला’ म्हणत आणि त्यांच्या पालकाला ‘ट्यूटर’. म्हणजे आज शिकवणीच्या संदर्भात जोडीने येणारे हे दोन्ही शब्द मुळात अध्यापनाचे नसून अनाथांच्या सांभाळाचे आहेत, आणि डोळ्याची बाहुली व पोरके मूल हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत.