घरी बसून पगार!

करोना सरून इतकी वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत एखादा पाहुणा भेटतोच. "तुम्हा शिक्षकांची काय बुवा मजा होती, शाळा बंद आणि घरी बसून पगार!" तिथे मी वाद घालत नाही, जेवून घेते. इथे मात्र लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली पोरं वर्गात पहिल्यांदा बसली ती १ डिसेंबर २०२१ ला. तोवर दुसरीचंही निम्मं वर्ष सरलं होतं. जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप.

सातवीतलं पोरगं व्हिडिओ बघून अपूर्णांक समजून घेईलही. पण पहिलीच्या पोराला फोनवरून अक्षर कसं शिकवायचं, हे एवढ्या वेबिनारांत कुणी सांगितलं नाही. 'क' कुठून सुरू करतोय, पेन्सिल मुठीत धरलीय की बोटांत, हे शेजारी बसून बघावं लागतं, हात धरून गिरवून घ्यावं लागतं. माझ्याकडे यायचा तो वहीचा आडवा फोटो, कोपऱ्यात आईचा अंगठा. आणि अक्षर इतकं वळणदार की काढलंय कुणी ते विचारायलाच नको. तिला तरी काय बोलणार? फोन दिवसभर बापाबरोबर एमआयडीसीत. रात्री तो घरी येईपर्यंत पोर पेंगलेलं. रिचार्ज संपलं की ते घर ग्रुपवरून गायबच.

वरून विचारणा कसली? ग्रुपवर किती पालक आहेत, लिंक कितींनी उघडली, दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप कितींनी घेतलं. माहिती आजच्या आज भरा! पोराला वाचता येतं का, हा रकाना मी तरी पाहिला नाही. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शालेय धड्यांची मालिका लागायची, ती खरंच चांगली होती. पण टीव्ही हवा आणि त्या वेळेला लाईटही हवी.

त्यात सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारची करोना तपासणीची मोहीम. ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरलो. गंमत म्हणजे माझं त्या वर्षातलं खरं शिकवणं या फेऱ्यांतच झालं. ओसरीवर आजोबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि नातीला म्हणायचं, "आण गं पाटी." पुढे तर वस्तीवर चार-पाच पोरं गोळा करून झाडाखाली बसवायचो. याची नोंद कुठेच नाही, कारण त्याला लिंक नव्हती. वर धाकधूक अशी, की एखादं पोर आजारी पडलं तर गाव आम्हालाच धरणार. हातात कसलाही कागद नव्हता.

ती पोरं आता वरच्या वर्गांत गेली. काही अजून जोडाक्षरापाशी अडतात आणि तिकडचे सर मला विचारतात, "मॅडम, पहिलीत यांना शिकवलं कुणी?"

माझं म्हणणं एवढंच. पहिली-दुसरीला ऑनलाइन शिक्षण असं काही नसतं. पुन्हा कधी शाळा बंद ठेवायची वेळ आली, तर फोनच्या याद्या मागण्याआधी वस्तीवर छोटे गट घेऊन शिकवायची परवानगी द्या. आणि ती लेखी द्या. तोंडी "बघा तुमच्या पातळीवर" नको.